मान्यतेचे मोल

'मान्यताप्राप्त' हा शब्द आपल्या भागात रस्त्याच्या दुतर्फा लिहिलेला आढळतो. बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे निघा, किंवा सीमा ओलांडून मुक्ताईनगर-रावेरच्या बाजूला वळा. केळीच्या बागांच्या कुंपणांवर, पाण्याच्या टाक्यांवर, थांब्यांच्या भिंतींवर नर्सिंग, फार्मसी, डी.एड., आयटीआय, संगणक अशा नाना अभ्यासक्रमांच्या पाट्या दिसतील, आणि जवळजवळ प्रत्येक पाटीवर हा एक शब्द. मान्यता कोणी दिली, केव्हा दिली, किती जागांसाठी दिली, हे पाटीवर नसते. आमच्या जसोंडीसारख्या गावातले आईबाप तेवढा एक शब्द वाचून निर्धास्त होतात. कपाशीचे आलेले पैसे, नाहीतर सोसायटीचे कर्ज, याच शब्दाच्या भरवशावर फीच्या खिडकीत जाते. या शब्दाला पूर्वी काय पडत असे आणि आज काय पडते, याचा थोडा इतिहास सीमाभागातील मराठी कुटुंबांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शाळा काढायला परवानगी लागते, ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. गावोगावच्या पंतोजींच्या शाळा कोणाला विचारून निघत नसत. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना घरच्यांचा आणि सनातन्यांचा विरोध सोसावा लागला. पण सरकारकडे अर्ज करून क्रमांक मिळवावा लागला नाही. पुढे १८५२ मध्ये सरकारनेच होऊन विश्रामबाग वाड्यात त्यांचा सत्कार केला. म्हणजे काम आधी आणि सरकारची दृष्टी नंतर, असा तो क्रम होता.

हा क्रम बदलला तो १८५४च्या वुडच्या खलित्याने. कंपनी सरकारच्या लक्षात आले होते, की सबंध देशभर आपल्या खर्चाने शाळा चालविणे परवडणारे नाही. तेव्हा खाजगी मंडळींनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना अनुदान द्यावे, असे ठरले. मात्र अनुदानाला अटी होत्या. शिक्षण चांगले आणि धर्मनिरपेक्ष असावे, शाळेला जबाबदार स्थानिक व्यवस्थापक असावेत, सरकारी निरीक्षकाला तपासणी करू द्यावी, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी. फुकट मिळालेल्या विद्येची कदर होत नाही, असा त्या साहेबलोकांचा समज होता. आपल्याकडच्या 'मान्यते'चे मूळ या अटींत आहे. मान्य शाळा म्हणजे जिला सरकार पैसे देते ती. निरीक्षक वर्गात येऊन मुलांना प्रश्न विचारी, कारण सरकारचा पैसा त्या वर्गात खर्च झालेला असे. मुंबई इलाख्यात तर काही काळ निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. किती मुले परीक्षेत उतरली त्यावर शाळेचा पैसा ठरे. मास्तर मंडळी या पद्धतीला कंटाळलेली असत, आणि तसे वाटण्याला कारणही होते. पण निरीक्षक कोणाच्या बाजूने तपासतो, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती.

याच सुमारास आणखी एक कायदा झाला. आज शिक्षणसंस्था काढणाऱ्या कोणालाही त्याचे नाव ठाऊक असते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. सात माणसांनी एकत्र यायचे, उद्देश आणि नियम लिहून सह्या करायच्या, आणि निबंधकाकडे नोंद करायची. कलम ३ मध्ये नोंदणीची फी लिहिलेली आहे: पन्नास रुपये, किंवा सरकार ठरवील ती याहून कमी रक्कम. त्या काळी पन्नास रुपये लहान नव्हते. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी पदवीधर असून दरमहा पंचाहत्तरांवर राबण्याचे व्रत घेतले, त्यावरून अंदाज करावा. पण ही फी एकदाच भरायची, ती सरकारने ठरवलेली, कागदावर छापलेली, आणि सर्वांना सारखी.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे नाव आलेच आहे, तर तेथे थोडे थांबू. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि आगरकर त्यांना लवकरच येऊन मिळाले. तेव्हा सरकारी मदतीवाचून शाळा चालवून दाखवायची, ही त्यांची ईर्ष्या होती. चारच वर्षांत, १८८४ मध्ये, सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. कॉलेजला गव्हर्नरांचे नाव दिले, याचा अर्थ उघड आहे. शाळा स्वाभिमानावर चालते. कॉलेजला विद्यापीठ लागते, परीक्षा लागते, मुलाच्या हातात पडणारा कागद चालावा लागतो. या जहाल-मवाळ मंडळींनी हे चार वर्षांत ओळखले, यात त्यांची व्यवहारबुद्धी दिसते. मी तरी त्यांना याबद्दल दोष देणार नाही.

ज्यांनी हा शिक्का मुळी घ्यायचाच नाही असे ठरवले, त्यांची कथा वेगळी. प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे समर्थ विद्यालय उभारले, ते कोल्हापूरहून तळेगावला नेले, आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. असहकाराच्या लाटेत १९२१ साली पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९८७ मध्ये, म्हणजे सहासष्ट वर्षांनी. तोवर तिथल्या पदवीला समाजात मान होता, सरकारी कचेरीत नव्हता.

परंतु या सर्वांत अण्णासाहेब कर्वे यांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली, आणि १९१५च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरूही झाले. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम, आणि पदवीचे नाव 'गृहीतागमा'. सरकारची मान्यता नाही, कायदा नाही. या पदवीवर सरकारी नोकरी मिळेल अशी हमी अण्णासाहेब देऊ शकत नव्हते, आणि त्यांनी ती दिलीही नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लागले. प्रत्यक्षात हाती येत होते ते साडेतीन टक्क्यांचे व्याज, वर्षाला ५२,५०० रुपये; मूळ रकमेच्या अटींत सरकारी मान्यता मिळवणे हीही एक अट होती. म्हणजे सरकारला नको म्हटले तरी दात्याला शिक्का हवाच होता. तो मिळाला १९४९च्या कायद्याने, आणि १९५१ मध्ये विद्यापीठ रीतसर वैधानिक झाले. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या मुली शिकून बाहेर पडल्या, त्यांना आपल्या पदवीची मर्यादा प्रवेश घेतानाच ठाऊक होती. भिंतीवर 'मान्यताप्राप्त' असे लिहून कोणी त्यांना बोलावले नव्हते.

एक गोष्ट मात्र तेव्हाच्या सरकारने बरोबर ओळखली होती. शाळा बिनमान्यतेची चालेल, दवाखाना चालणार नाही. १९१६च्या भारतीय वैद्यकीय पदव्या अधिनियमाने ठरावीक संस्थांखेरीज इतर कोणी पाश्चात्य वैद्यकाची पदवी वा पदविका देऊ नये, असा निर्बंध घातला. कारण तोवर शहरांतून खाजगी वैद्यकीय 'कॉलेजे' निघू लागली होती आणि नावापुढे अक्षरे लावून देण्याचा धंदा सुरू झाला होता. नोकरी देणाऱ्या विद्येच्या बाजारात भेसळ होते ती अशी जुनी आहे.

आता आपल्या निमाडकडे येतो. बऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले ते १८६०-६१च्या सुमारास, आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात निमाड जिल्हा समाविष्ट झाला. त्यामुळे आपली शैक्षणिक वंशावळ पुणे-मुंबईची नव्हे. मध्य प्रांताची कॉलेजे आधी कलकत्त्याला, मग अलाहाबादला जोडलेली; १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ झाले, १९४६ मध्ये हरिसिंग गौर यांनी स्वतःच्या वकिलीच्या मिळकतीतून सागरचे विद्यापीठ उभे केले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. पुढे आपला संबंध इंदूरशी आला; बऱ्हाणपूरचे सेवासदन महाविद्यालय अनेक वर्षे इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न होते. सीमेपलीकडे १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले, ज्याला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. घरापासून जळगाव जवळ, इंदूर लांब. भाषा जळगावची, राज्य इंदूरचे. ही आपली जुनी अडचण आहे.

कायद्यांचेही तसेच. महाराष्ट्रात संस्था १८६०च्या कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली जाते. आपल्याकडे १८६०चा कायदा जाऊन मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ आला. दोन्हीकडचे नोंदणी प्रमाणपत्र सारखेच दिसते, त्यावर शिक्का असतो, क्रमांक असतो, आणि ते काचेच्या चौकटीत कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेले असते. पालक ते पाहून मान डोलावतात. वाचकहो, हे प्रमाणपत्र एवढेच सांगते की काही माणसांनी मिळून एक मंडळ नोंदवले आहे. क्रिकेट क्लबालाही ते मिळते, भजनी मंडळालाही मिळते. त्यावरून अभ्यासक्रमाची मान्यता सिद्ध होत नाही. नोंदणी, संलग्नता आणि मान्यता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी मंडळाची, संलग्नता विद्यापीठाची किंवा परीक्षा मंडळाची, आणि मान्यता त्या त्या विद्येच्या परिषदेची. आपल्या बऱ्हाणपुरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे आणि सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेज ही खाजगी संस्थाही आहे. दोघांनाही देशी वैद्यकाच्या एकाच केंद्रीय परिषदेची मान्यता लागते. १९७०च्या कायद्याची ती जुनी परिषद गेली आणि २०२०च्या कायद्याने तिच्या जागी आयोग आला.

येथवर जो इतिहास सांगितला, त्यात पैसा सरकारकडून शाळेकडे वाहत होता. तो उलटा वाहू लागला तो १९८३ पासून. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकात अशी कॉलेजे आधीपासून होती आणि आपली मुले तेथे पैसे घेऊन जातच होती. तो पैसा घरातच राहावा हा त्यामागचा विचार अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. ग्रामीण भागातले कितीतरी अभियंते या निर्णयाने घडले, हेही नाकारता येत नाही. पण एक फरक पडला. सरकार आता पैसे देणार नव्हते. ते फक्त कागद देणार होते. संस्थेने सर्व खर्च विद्यार्थ्यांकडून वसूल करायचा, आणि कागदासाठी अर्ज, प्रक्रिया शुल्क, ठेव, संलग्नता शुल्क भरायचे. पूर्वीचा निरीक्षक सरकारच्या पैशाचा हिशेब मागायला येई. आता जो तपासायला येतो, त्याच्या येण्याचे पैसे ज्याची तपासणी व्हायची त्याने भरलेले असतात.

चारच वर्षांत, १९८७ मध्ये, महाराष्ट्राला कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा करावा लागला, यावरून कागदाचा बाजारभाव किती वाढला होता हे समजते.

या बाजारात आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाचे स्थान काय, ते मोहिनी जैन खटल्यात लिहिले गेले. उत्तर प्रदेशातील मेरठची ही मुलगी कर्नाटकातील एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात गेली. तेथे शासकीय कोट्यातील जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्याला २५,००० आणि कर्नाटकाबाहेरच्याला ६०,००० असे दर सरकारच्याच अधिसूचनेने ठरलेले होते. विद्या तीच, वर्ग तोच, दर तीन. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. त्यानंतर उन्नीकृष्णन खटला १९९३ मध्ये, टी. एम. ए. पै २००२ मध्ये, इस्लामिक अकॅडमी २००३ मध्ये आणि महाराष्ट्रातून गेलेला पी. ए. इनामदार खटला २००५ मध्ये, असा न्यायालयीन प्रवास झाला. त्याचा तपशील वकिलांना लखलाभ असो. निष्पन्न इतके, की खाजगी संस्थेला आपली फी ठरवता येईल पण नफेखोरी करता येणार नाही, आणि यावर राज्याला नियामक मंडळ नेमता येईल. मध्य प्रदेशाने असा कायदा २००७ मध्ये केला. इंदूरच्या मॉडर्न डेंटल कॉलेजने त्याला आव्हान दिले आणि २०१६ मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. म्हणजे व्यावसायिक महाविद्यालयाने किती फी घ्यायची हे दोन्ही राज्यांत आज एका समितीकडून ठरलेले असते, आणि ती मंजूर फी विचारण्याचा पालकाला अधिकार आहे. फीच्या खिडकीपाशी हा प्रश्न विचारणारा पालक मी क्वचित पाहिला.

आता शिक्षक म्हणून मला सर्वांत जवळच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे डी.एड. आणि बी.एड. कॉलेजांचा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३चा. परिषद १९९५ पासून कामाला लागली. तिच्या पश्चिम विभागीय समितीचे कार्यालय भोपाळला होते, आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, गोवा या सर्वांचे अर्ज तेथे जात. आपल्या राजधानीत बसून महाराष्ट्राच्या गावोगावची अध्यापक विद्यालये मंजूर होत, हा एक विचित्र योग होता. अर्जासोबत ४०,००० रुपये प्रक्रिया शुल्क, आणि मान्यतेपूर्वी पाच लाखांची कायम ठेव व तीन लाखांची राखीव ठेव, अशी २००५च्या सुमाराची मागणी होती. पन्नास मुलांची एक तुकडी धरली, तर शुल्क डोईला आठशे रुपये पडते आणि ठेव सोळा हजार. ठेव तर संस्थेच्याच नावावर परिषदेसह संयुक्त खात्यात राहते. ती खर्च झालेली नसते. मनात आणले तर तालुक्याचा कोणताही पुढारी हे पैसे एका हंगामात उभे करील. परिणामी जे व्हायचे ते झाले. जिथे पतसंस्था होती तिथे डी.एड. कॉलेज निघाले.

महाराष्ट्र शासनाचे म्हणणे होते, की राज्याला एवढे शिक्षक लागणार नाहीत, तेव्हा नवी कॉलेजे नकोत. पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या खटल्यात स्पष्ट केले, की केंद्रीय परिषदेने मान्यता दिल्यावर राज्याला आपल्या धोरणाचे कारण सांगून ती अडवता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल सरळ होता. पण शिक्षक नेमणार राज्य, आणि किती शिक्षक तयार करायचे हे ठरवणार भोपाळची समिती, असा हा संसार झाला. पुढे महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०११ मध्ये न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये अहवाल आला, तेव्हा या संस्थांपैकी बहुसंख्य निकषांत बसत नाहीत असे आढळले. देशातील सेवापूर्व अध्यापक शिक्षणाच्या नव्वद टक्के संस्था खाजगी हातांत आहेत, हेही त्याच अहवालाने नोंदवले. त्याच वर्षी, २०१२ मध्ये, महाराष्ट्रात शिक्षकभरती थांबवण्यात आली, आणि २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली.

या आकड्यांच्या मागे माणसे आहेत. आमच्या बाजूच्या अनेक मराठी घरांतल्या हुशार मुली त्या वर्षांत सीमेपलीकडे डी.एड.ला गेल्या. घरी मराठी, अक्षर सुंदर, शिकवण्याची आवड. बापाने विचार केला की मास्तरीण होईल, घराजवळ राहील. परिषदेची मान्यता देशभर चालते, तेव्हा त्यांचा कागद मध्य प्रदेशातही खोटा नव्हता. पण इकडच्या शाळा हिंदी माध्यमाच्या, इकडची पात्रता परीक्षा वेगळी. तिकडे भरती बंद. अशी एक मुलगी, माझीच विद्यार्थिनी, दोन वर्षे रोज पहाटेची गाडी धरून जाई. कॉलेजात पाठ घ्यायला सराव शाळाच नव्हती, पाठाच्या वह्या मात्र पूर्ण होत्या. आज ती खाजगी शिकवण्या घेते आणि फार चांगले शिकवते. तिचे प्रमाणपत्र तिने मला दाखवले, त्यावर एकही चूक नव्हती. मान्यता खरी होती. शाळा खोटी होती. हा भेद पाटीवरून कळत नाही.

ठेवींचे आकडे पुढे वाढले. २०१४च्या नियमांत राखीव ठेव सात लाख झाली, प्रक्रिया शुल्क दीड लाख झाले. शुल्क वाढवले म्हणजे भुरटे लोक दूर राहतील, असा हिशेब असतो. मला तो पटत नाही. शुल्काने भुरटा हटत नाही, गरीब हटतो. तळमळीने शाळा काढणारा एखादा निवृत्त मास्तर दीड लाखाला थबकेल. ज्याला पाच वर्षांत दहापट काढायचे आहेत तो थबकत नाही.

शुल्क आणि कागद एवढ्यावरच सर्व सोपवले तर कोठवर जाता येते, याचा नमुना आपल्या शेजारी छत्तीसगडात पाहायला मिळाला. हे राज्य २००० साली मध्य प्रदेशातूनच वेगळे झालेले. २००२ मध्ये त्याने खाजगी विद्यापीठांचा कायदा केला, आणि नुसत्या राजपत्रातील अधिसूचनेने विद्यापीठे जन्माला येऊ लागली. थोड्याच काळात त्यांची संख्या ११२ झाली. त्यांतल्या अनेकांना ना इमारत ना आवार. एका खोलीत विद्यापीठ, अशी अवस्था होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल, स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या, आणि ती सर्व विद्यापीठे एका निकालाने नाहीशी झाली. न्यायालयाने विद्यार्थ्यांची आठवण ठेवली, हे विशेष; या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याची व्यवस्था करावी, असे राज्याला सांगितले. पण प्रवेश घेताना त्या मुलांपुढेही राजपत्र होते. राजपत्राहून मोठा कागद सामान्य माणसाने कोणता मागायचा?

याहून अलीकडची गोष्ट आपल्याच राज्याची आहे. मध्य प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेविषयी उच्च न्यायालयात याचिका झाल्या आणि न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाला कॉलेजे प्रत्यक्ष जाऊन तपासायला सांगितले. ३०८ कॉलेजे तपासली गेली. २०२४च्या सुरुवातीला अहवाल आला: १६९ योग्य, ७३ मध्ये त्रुटी, ६६ अयोग्य. लोकांना हायसे वाटले. मे महिन्यात बातमी आली, की अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपासणी पथकातीलच अधिकाऱ्यांना त्याच विभागाने अटक केली आहे. मग उच्च न्यायालयाने 'योग्य' ठरलेल्या १६९ कॉलेजांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश दिला. या सगळ्या काळात परीक्षा रखडल्या, आणि मुलींची वर्षे गेली. त्यांनी फी वेळेवर भरली होती.

शिकवणी वर्गांचा प्रश्न वेगळा, पण नात्यातला. कोट्यापासून आपल्या गल्लीपर्यंत पसरलेल्या या वर्गांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: नोंदणी सक्तीची, सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, नियमभंगाला पहिल्यांदा २५,००० व दुसऱ्यांदा एक लाख रुपये दंड, पुढे नोंदणी रद्द. बिहारने तर २०१० मध्येच कायदा केला होता. सूचना राज्यांनी अमलात आणायच्या असल्याने त्यांचे भवितव्य राज्याराज्यांत वेगळे.

अमेरिकेत शिक्षण हा मुख्यत्वे राज्यांचा विषय, आणि खाजगी व्यवसाय-शाळांकडून परवाना शुल्क घेण्याची रीत तिकडे जुनी आहे. त्यांच्याकडेही बनवेगिरी कमी नाही. मोठमोठ्या शाळा एका रात्रीत बंद पडल्या आहेत. पण कॅलिफोर्निया राज्यात एक व्यवस्था आहे, जी आपल्याकडे कोणी सुचवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तेथे फीच्या प्रत्येक हजार डॉलरमागे एक लहानशी रक्कम विद्यार्थी-परतावा निधीत ठेवण्याची तरतूद आहे, आणि शाळा मध्येच बंद पडली तर पात्र विद्यार्थ्याला त्या निधीतून त्याची फी परत मिळू शकते. आपल्याकडे आठ लाखांची, बारा लाखांची ठेव वर्षानुवर्षे बँकेत पडून असते. मान्यता काढून घेतली, कॉलेज बंद झाले, तर ती ठेव संस्थेला परत मिळण्याचा मार्ग असतो; ज्या मुलीची दोन वर्षे गेली, तिला तीतून एक रुपया मिळण्याची तरतूद नाही. ठेव कोणाच्या रक्षणासाठी घेतली, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना कधी पडला नसावा.

आमच्या शाळेत बारावीचा निकाल लागला की आठवडाभर पालक भेटायला येतात. हातात रंगीत माहितीपत्रके असतात. मी त्यांना संस्थेचे मूळ मान्यतापत्र पाहायला मागा म्हणून सांगतो. ते कोणत्या परिषदेचे आहे, कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, किती जागांचे आहे, आणि पत्रावरचा पत्ता व समोरची इमारत एकच आहे का, एवढे तिथेच उभे राहून वाचा. शुल्क समितीने मंजूर केलेल्या फीचा आदेश मागा, आणि पावती पूर्ण रकमेची घ्या. सीमेपलीकडे पाठवणार असाल, तर मूळ निवासी दाखल्यावर तिकडची शिष्यवृत्ती मिळत नाही आणि तिकडच्या अधिवासावाचून प्रवेशही बहुधा बाहेरच्यांच्या जागांतून होतो, हे आधी विचारून घ्या. गेल्या वर्षी एका बापाने हे सर्व एका पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर लिहून नेले. चार ठिकाणी त्याने मान्यतापत्र मागितले. दोन ठिकाणी ते 'साहेबांकडे कपाटात' होते, तिसऱ्या ठिकाणी मुदत संपलेले निघाले. चौथ्या ठिकाणी कारकुनाने काही न बोलता फाइल पुढे सरकवली. मुलगी आता तिथे फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.